नदीवरील दोन सुरय : ओळख आणि नोंद
चंद्रपूर-गडचिरोलीस समुद्रकिनारा नाही. तथापि सागरी कुरवांच्या कुळातील सुरय हा पक्षी नद्यांवरही आढळतो. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता यांसारख्या नद्यांचे वाळूपट्टे हा नदी सुरय व त्याहून लहान काळ्या पोटाचा सुरय या दोहोंचा अधिवास होय. विणीच्या काळात काळ्या पोटावरून दुसरा सहज ओळखता येतो. विणीनंतर मात्र त्याचे पोट पांढरे होते व गफलत घडते. अशा वेळी चोच पाहावी : पहिल्याची पिवळी व दणकट, दुसऱ्याची नारिंगी व बारीक.

समूहात एकाने नाव उच्चारताच इतरांना तेच दिसू लागते. म्हणून प्रत्येकाने लक्षणे आधी स्वतंत्रपणे लिहावीत, नंतर ताडून पाहावीत. मतभेद उरल्यास ‘सुरय, जाती अनिश्चित’ अशी नोंद करावी. काळ्या पोटाचा सुरय जगभर संकटात असल्याने चुकीची नोंद त्याचा ऱ्हास झाकते.