ट्रामचा वेश, बसचे नशीब

इंग्लंडमधील यॉर्क या जुन्या तटबंदीच्या शहरात ८ मे २००६ रोजी एक जांभळट रंगाचे लांबलचक वाहन रस्त्यावर आले. तोंड निमुळते, चाके झाकलेली, चालक स्वतंत्र कक्षात बसलेला. पाहणाऱ्याला ती ट्रामच वाटावी; फक्त खाली रूळ नव्हते. 'राइट स्ट्रीटकार' असे या जोडबसचे नाव. सेवेचे नाव 'एफटीआर', म्हणजे मोबाइलवरील लघुसंदेशाच्या भाषेत 'फ्यूचर'. हे भविष्य यॉर्कमध्ये सहा वर्षेही टिकले नाही.

उत्तर आयर्लंडमधील बॅलिमिना येथील राइटबस कंपनीने व्होल्वोच्या 'बी ७ एल ए' चासीवर ही बस बांधली होती. लांबी १८.७ मीटर, म्हणजे नेहमीच्या १२ मीटर बसच्या दीडपटीहून थोडी अधिक. दोन भाग फिरत्या सांध्याने जोडलेले आणि त्याभोवती बाजाच्या पेटीच्या भात्यासारखे घड्यांचे आवरण. तळ इतका खाली की थांब्यावरून पायरी न चढता आत जाता यावे. चाकांची खुर्ची आणि बाबागाडी यांची त्यामुळे मोठी सोय झाली.

हा खटाटोप कशासाठी, हे लीड्सकडे पाहिले की कळते. त्या शहराचा ट्राम प्रकल्प खर्च वाढल्याने ब्रिटिश सरकारने २००५ मध्ये रद्द केला. त्यानंतर २००७ मध्ये तेथेही स्ट्रीटकार धावू लागली. रूळ आणि विजेच्या तारा न टाकता ट्रामची ऐट मिळवावी, हा हिशेब होता.

घोडे अडले ते तिकिटापाशी. ब्रिटनमध्ये प्रवासी पुढच्या दाराने चढून चालकालाच पैसे देतो. कंडक्टर तेथून केव्हाच हद्दपार झाला आहे. स्ट्रीटकारमध्ये चालक पडद्याआड, म्हणून तिकिटासाठी आत यंत्रे बसवली गेली. ती नीट चालेनात. अखेर प्रत्येक गाडीवर 'कस्टमर होस्ट' नावाचा कर्मचारी नेमावा लागला. मुंबईकर त्याला सरळ कंडक्टर म्हणेल! भविष्याच्या बसमध्ये भूतकाळ असा मागच्या दाराने शिरला आणि एका गाडीमागे दोन पगार सुरू झाले.

वास्तविक ट्रामचा वेग तिच्या आकारात नसतो. स्वतंत्र मार्गिका आणि चढण्यापूर्वी काढलेले तिकीट, यांत तो असतो. यॉर्कच्या अरुंद रस्त्यांवर स्ट्रीटकारला बहुतेक वाट मोटारींच्याच गर्दीतून काढावी लागे. लंडनने आपल्या जोडबसगाड्यांसाठी आधी तिकीट आणि कोणत्याही दाराने प्रवेश, ही पद्धत स्वीकारली. चढणे झटपट झाले, पण फुकट्या प्रवाशांची ओरडही झाली. तेथील जोडबस २०११ मध्ये बंद झाल्या.

त्याच वर्षी यॉर्कच्या नगरपालिका निवडणुकीत ही बस हटवण्याचे आश्वासन देणारा मजूर पक्ष सत्तेवर आला आणि मार्च २०१२ मध्ये ती थांबली. यॉर्कच्या गाड्या मग लीड्स-ब्रॅडफर्ड मार्गावर गेल्या. वेल्समधील स्वान्सी येथे २००९ पासून हीच बस धावत होती. तेथूनही ती काही वर्षांत गेली. हायब्रिड आवृत्ती मात्र अमेरिकेत लास व्हेगासला पोहोचली, जेथील प्रशस्त रस्त्यांवर १८ मीटरच्या गाडीला वळायला जागा होती. यॉर्कच्या ४ क्रमांकाच्या मार्गावर पुन्हा साध्या एकसंध बस आल्या आणि तिकीट पुन्हा चालकाकडे गेले.