लोखंड व गंज : दोन भिन्न पदार्थ

नागझिऱ्याच्या वनालगतच्या गावांत पावसाळा सरतेवेळी कोपऱ्यात पडलेल्या विळ्यांवर तांबूस थर चढलेला आढळतो. ‘विळ्याला काय झाले?’ असे विचारता ‘लोखंड सडले’ असे उत्तर एखादा मुलगा देतो. शिक्षकांनी येथेच थांबून पाठास आरंभ करावा.

लाकूड सडते ते सूक्ष्म जीवांमुळे. लोखंड गंजते ते प्राणवायू व पाणी यांच्याशी झालेल्या संयोगामुळे. लोह हे मूलद्रव्य, तर गंज हे संयुग होय. म्हणूनच लोखंड चिवट व विजेचे वाहक असते, तर गंज ठिसूळ असून वीज वाहून नेत नाही. लोखंड चुंबकाकडे ओढले जाते, गंज जवळजवळ नाही. मात्र खरवडताना लोखंडाचे कण मिसळतात. यास्तव केवळ वरची भुकटी घ्यावी.

गंजताना वजन घटते, हा समजही दूर करावा. ११२ भाग लोहाशी ४८ भाग प्राणवायूचा संयोग होऊन १६० भाग संयुग बनते. पाण्याचे वजन निराळेच. विळा झिजतो, कारण गंज गळून पडतो.

प्रयोगासाठी तीन बाटल्यांत स्वच्छ घासलेले खिळे ठेवावेत. पहिलीत खिळा अर्धा पाण्यात असावा. दुसरीत उकळून निवविलेले पाणी खिळा बुडेल इतके भरून वर तेलाचा थर द्यावा. तिसरी कोरडी ठेवून तीत कळीच्या चुन्याचा खडा टाकावा व बूच घट्ट बसवावे. चुना शिक्षकांनीच हाताळावा. आठवड्यानंतर पहिलाच खिळा ठळकपणे गंजलेला दिसेल. हवा व पाणी दोन्ही हवीत, हे मुले स्वतःच सांगतील. विळ्यास तेलाचा हात का फिरवावा, हेही त्यांना उमगेल.

गडचिरोलीतील सूरजागडच्या लोहखनिजातही लोह प्राणवायूशी जखडलेले असते. १९५९ साली सुरू झालेल्या भिलाईच्या कारखान्यात कोकच्या साह्याने खनिजातील प्राणवायू काढून लोह मोकळे करतात. गंजणे हा त्याचाच उलटा प्रवास होय.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू माती व शेणात असतात. मातीत पडलेला चकचकीत खिळाही तितकाच घातक ठरू शकतो. मुलाच्या पायात खिळा रुतल्यास, तो गंजलेला असो वा नसो, जखम साबणपाण्याने धुऊन त्यास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.