ऊर्जाबचत दिवे, पारायुक्त

ऊर्जाबचत दिवे, पारायुक्त : काचेच्या नळीतील अल्पदाबाच्या पारा-बाष्पातून विद्युत् विसर्जन घडवून प्रकाश देणारे, कमी वीज लागणारे दिवे. व्यवहारात त्यांपैकी आखूड, दुमडलेल्या किंवा मळसूत्री नळीच्या दिव्यास ‘सीएफएल’ व लांब सरळ नळीच्या दिव्यास ‘ट्यूबलाइट’ म्हणतात. दोहोंचे कार्यतत्त्व एकच आहे. अखंड स्थितीत हे दिवे निर्धोक असतात, कारण पारा काचेत पूर्णपणे बंदिस्त असतो. त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न काच फुटल्यावर व दिवा निकामी झाल्यावर निर्माण होतो. प्रस्तुत नोंदीत या प्रश्नाचा विचार मुख्यतः अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे. क्षेत्रफळाने (१७,०४८ चौ. किमी.) राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्याची सु. ८० टक्के लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ग्रामीण होती आणि शहरांसाठी आखलेली कचरा-व्यवस्था अशा ठिकाणी कितपत पोहोचते, हे येथे चांगले दिसून येते.

रचना व कार्य : नळीच्या दोन्ही टोकांना टंगस्टनाची विद्युत् अग्रे असून आत आर्‌गॉनासारखा अक्रिय वायू व अत्यल्प पारा असतो. विद्युत् प्रवाह सुरू झाल्यावर अग्रांतून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन पाऱ्याच्या अणूंवर आदळतात व उद्दीपित अणू मुख्यतः २५३·७ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण बाहेर टाकतात. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. नळीच्या आतील बाजूस दिलेला पांढऱ्या अनुस्फुरक पुडीचा थर ते शोषून घेतो व दृश्य प्रकाश देतो. तापतंतू तापवून प्रकाश मिळविण्याची पद्धत येथे नसल्याने उष्णतेच्या रूपाने वीज फारशी वाया जात नाही. साध्या ६० वॉटच्या दिव्याइतका प्रकाश १४–१५ वॉटच्या सीएफएलपासून मिळतो. दिवा जसजसा जुना होतो तसतसा त्यातील पारा पुडीच्या थरात व काचेत शोषला जातो. निकामी दिव्यातील बहुतेक पारा अशा रीतीने पांढऱ्या पुडीत असतो. चकाकणारे थेंब शोधून ते न दिसल्यास निर्धास्त होणे म्हणूनच चुकीचे ठरते.

प्रसार : एडवर्ड हॅमर यांनी १९७६ मध्ये मळसूत्री नळीचा दिवा तयार केला, तर चोक अंतर्भूत असलेला पहिला दिवा १९८० मध्ये फिलिप्स कंपनीने बाजारात आणला. भारतात त्यांचा मोठा प्रसार एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाला. केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाने २००९ मध्ये ‘बचत लॅम्प योजना’ सुरू केली. तथापि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या दिव्यांना खरी चालना भारनियमनाने दिली असे म्हणावे लागेल. दिवसातील अनेक तास वीज नसे व असली तरी तिचा दाब कमी असे. अशा वेळी ट्यूबलाइट पेटत नसे, सीएफएल मात्र चाले, तसेच इन्व्हर्टरच्या बॅटरीवर तो अधिक काळ टिके. सौर दिव्यांतही त्याचाच उपयोग झाला. केंद्र शासनाने पुरस्कृत केलेल्या सौर पथदिव्याच्या त्या काळच्या प्रमाण नमुन्यात ११ वॉटचा सीएफएल असे. सौर पथदिव्यांसाठी प्रसिद्ध झालेल्या राळेगण सिद्धीसारख्या गावांमुळे अशा दिव्यांची ओळख जिल्ह्यात घरोघरी झाली. २०१५ च्या जानेवारीत ‘उजाला’ योजना सुरू होऊन एलईडी दिवे स्वस्त झाले व थोड्याच वर्षांत सीएफएल मागे पडला. एलईडीत पारा नसतो. परंतु जुने दिवे त्यामुळे नाहीसे झाले नाहीत. ते खोक्यांत, माळ्यांवर, ग्रामपंचायतींच्या खोल्यांत आणि शाळांच्या अडगळीत साठले, व त्यांची विल्हेवाट हा प्रश्न त्यांचा वापर कमी झाल्यावरच अधिक निकडीचा झाला आहे.

पाऱ्याचे प्रमाण व धोका : एका सीएफएलमध्ये साधारणपणे ३ ते ५ मिग्रॅ. पारा असतो, जुन्या ट्यूबलाइटींत तो याच्या अनेक पट असे. तापमापकात सु. ५०० मिग्रॅ. किंवा अधिक पारा असतो, हे लक्षात घेता दिव्यातील पारा थोडा आहे. भारतात २०१६ च्या ई-कचरा नियमांनी ३० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या सर्वसाधारण सीएफएलसाठी २·५ मिग्रॅ. ही मर्यादा घातली.

पाऱ्याचा धोका प्रमाणाइतकाच त्याच्या रूपावर अवलंबून असतो. गिळलेला द्रवरूप पारा आतड्यांतून जवळजवळ शोषला जात नाही. श्वासावाटे गेलेल्या बाष्पाचा मात्र सु. ८० टक्के भाग फुप्फुसांतून रक्तात जातो व तेथून मेंदू, मूत्रपिंडे आणि गर्भवतीच्या बाबतीत गर्भ यांपर्यंत पोहोचतो. दीर्घकाळ बाष्प शरीरात गेल्यास हातांना कंप, चिडचिड, निद्रानाश, हिरड्यांचा दाह व मूत्रपिंडांचे विकार होतात. पारा सामान्य तापमानासही बाष्पीभवन पावतो व तापमान २५° से. वरून ४०° से. पर्यंत गेल्यास त्याचा बाष्पदाब सु. तिप्पट होतो. एप्रिल–मे महिन्यांत जिल्ह्यातील पत्र्याच्या घरात फुटलेला दिवा आणि थंड देशातील बंद खोलीत फुटलेला दिवा यांची तुलना करताना हा फरक विसरता येत नाही. मात्र येथील उघडी दारे-खिडक्या हा फरक काही अंशी भरून काढतात.

एका दिव्याने नेमका किती धोका होतो याची कल्पना साध्या हिशोबाने येते. ३ मी. × ४ मी. × ३ मी. आकारमानाच्या खोलीत १ मिग्रॅ. पारा एकदम बाष्परूपाने पसरला, तर दर घन मीटरमध्ये सु. २८ मायक्रोग्रॅम पारा होईल. जागतिक आरोग्य संघटनेने वर्षभराच्या सरासरीसाठी सुचविलेली मर्यादा १ मायक्रोग्रॅम आहे. ही अवस्था काही मिनिटांची असल्यास व खोली हवेशीर केल्यास निरोगी प्रौढास अपाय होत नाही. तेच दिवे बंद खोलीत रोज फुटत असतील, तर परिस्थिती पूर्णपणे वेगळी असते.

या दिव्यांच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. ६० वॉटऐवजी १४ वॉटचा दिवा ६,००० तास वापरल्यास २७६ युनिट वीज वाचते. एका युनिटास सु. ०·७ किग्रॅ. कोळसा लागतो व कोळशात किलोग्रॅममागे ०·१ मिग्रॅ. पारा धरला, तरी वाचलेल्या कोळशातील पारा सु. १९ मिग्रॅ. भरतो, म्हणजे दिव्यातील पाऱ्याहून पुष्कळ अधिक. हा युक्तिवाद बरोबर असला, तरी तो घरातील लहान मुलाच्या उपयोगाचा नाही. कारण कोळशातील पारा उंच धुराड्यातून विरळ होत जातो आणि दिव्यातील पारा अंथरुणाशेजारी सांडतो.

दिवा फुटल्यास : भारतातील दिव्याची टोपी पिनांची असून ती दाबून फिरवावी लागते. पुष्कळ लोक या वेळी काचेची नळी धरतात व ती हातातच फुटते. दिवा नेहमी खालच्या प्लास्टिकच्या भागास धरून बसवावा व काढावा. तो पूर्ण थंड झाल्यावरच काढणे इष्ट असते.

दिवा फुटल्यावर मुले, गर्भवती स्त्रिया व पाळीव जनावरे यांना खोलीबाहेर काढून पंखा बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि १०–१५ मिनिटे खोलीत जाऊ नये. केरसुणी वापरू नये, हे विशेष महत्त्वाचे आहे. कारण तिने पारायुक्त पूड उडते, पारा बारीक कणांत विभागला जातो व केरसुणीच्या काड्यांत अडकून पुढील कित्येक दिवस घरभर पसरत राहतो. व्हॅक्यूम क्लीनरचाही तोच परिणाम होतो. अमेरिकेतील मेन राज्याच्या पर्यावरण खात्याने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ही बाब स्पष्ट झाली. प्लास्टिकच्या पिशव्या पाऱ्याचे बाष्प रोखू शकत नाहीत व धातूच्या झाकणाची काचेची बरणी सर्वांत उपयुक्त ठरते, असेही त्यांत आढळले. काचेचे तुकडे दोन जाड पुठ्ठ्यांनी गोळा करून, राहिलेली पूड चिकटपट्टीने व नंतर ओलसर कागदाने टिपून हे सर्व अशा बरणीत भरावे आणि बरणी घराबाहेर ठेवावी. हे काम करताना अंगठ्या व बांगड्या काढून ठेवाव्यात. पारा सोन्याशी पारदमेल बनवितो व दागिन्यावर पांढरा डाग पडतो.

शेणाने सारवलेल्या किंवा भेगाळलेल्या जमिनीवर ही पद्धत अपुरी पडते. तेथे त्या जागेचा वरचा थर खरवडून बरणीत भरणे हाच व्यवहार्य उपाय आहे. द्राक्षबागा असलेल्या गावांत गंधकाची भुकटी सहज मिळत असल्याने ती सांडलेल्या पाऱ्यावर टाकण्याचा सल्ला दिला जातो. पारा व गंधक यांपासून अविद्राव्य मर्क्युरिक सल्फाइड बनते हे खरे असले, तरी सामान्य तापमानास ही विक्रिया मंद असते. आयुर्वेदातील कज्जली हे याचे परिचित उदाहरण होय. पारा व गंधक खलात दीर्घकाळ घोटल्यावरच ती तयार होते. नुसती भुकटी शिंपडून पारा तत्काळ बांधला जात नाही व हवा खेळती ठेवण्याची गरज कमी होत नाही.

भंगार, उकिरडा व कचरा डेपो : घरात कधीतरी फुटणाऱ्या दिव्यापेक्षा एकत्र केलेल्या निकामी दिव्यांचा धोका मोठा आहे, पण त्याची चर्चा कमी होते. भंगार व्यवसायात सीएफएलला किंमत असते ती त्याच्या बुडातील मंडलपट्टी, तांब्याची तार व टोपी यांमुळे; काचनळी निरुपयोगी म्हणून फोडून टाकली जाते. दुरुस्तीच्या लहान दुकानांत जुनी नळी काढून नवी बसविली जाते. या कामांत दिवसभर दिवे हाताळणाऱ्या कामगारांस व कचरावेचक स्त्रियांस हातमोजे किंवा मुखपट्टी क्वचितच मिळते आणि पाऱ्याचे बाष्प साध्या कापडी मुखपट्टीने अडत नाही.

खेड्यात फुटका दिवा बहुधा उकिरड्यावर जातो. तेथून तो शेणखताबरोबर शेतात पोहोचतो, किंवा पाचोळ्याबरोबर पेटविला जातो. पेटविल्यास त्यातील जवळजवळ सर्व पारा हवेत जातो. अहमदनगर शहराचा कचरा अनेक वर्षे सावेडी व बुरुडगाव येथील डेपोंवर मिश्र स्वरूपात टाकला जात असे व त्यात या दिव्यांचाही समावेश असे. मातीत गेलेला पारा नष्ट होत नाही. पावसाच्या पाण्याबरोबर तो ओढ्या-नाल्यांत जातो व जेथे पाणी संथ होऊन गाळ साचतो, तेथे प्राणवायूच्या अभावी वाढणारे जीवाणू त्याचे मिथिल मर्क्युरीत रूपांतर करतात. हे संयुग माशांच्या शरीरात साठत जाते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेली विषबाधा याच संयुगाने झाली होती. जिल्ह्याच्या उत्तर भागातील पाणी प्रवरा व मुळा यांतून प्रवरासंगम येथे गोदावरीस, म्हणजे नाथसागराच्या फुगवट्यास मिळते, तर दक्षिणेकडील पाणी सीना व घोड या नद्यांतून भीमेकडे जाते. दिव्यांतील पाऱ्याची एकूण राशी मिनामाताच्या मानाने नगण्य आहे. दोहोंची बरोबरी करणे अतिशयोक्तीचे ठरेल. तथापि पाणी अडविणे व जिरविणे यांवर ज्या प्रदेशाचे जीवन अवलंबून आहे, तेथे गाळात साठणाऱ्या विषाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

नियम व विल्हेवाट : २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी सीएफएल, ट्यूबलाइट व फुटके तापमापक यांचा ‘घरगुती घातक कचरा’ या वर्गात समावेश केला आणि शहरांत दर २० चौ. किमी. क्षेत्रासाठी एक संकलन केंद्र स्थापण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. हे प्रमाण शहरांसाठी होते. अकोले किंवा जामखेड तालुक्यातील वाडीवस्तीस त्याचा उपयोग नव्हता. त्याच वर्षीच्या ई-कचरा नियमांनी पारायुक्त दिवे परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या २०२२ च्या नियमांतही हे दिवे समाविष्ट आहेत. पुनर्प्राप्तीची सोय नसल्यास असे दिवे पारा स्थिर करून व आकारमान कमी करून घातक कचऱ्याच्या सामाईक प्रक्रिया केंद्राकडे पाठविण्याची तरतूद २०१६ मध्ये करण्यात आली. असे एक केंद्र जिल्ह्याच्या सीमेपासून जवळच, पुणे–नगर रस्त्यावरील रांजणगाव औद्योगिक क्षेत्रात आहे. अडचण अंतराची नसून संकलनाची आहे. शिर्डीतील निवासस्थाने, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ, साखर कारखाने, रुग्णालये आणि महाविद्यालये यांच्याकडे दिवे मोठ्या संख्येने एकत्र मिळू शकतात, म्हणून संकलनाची सुरुवात तेथून करणे सोपे जाते. गावपातळीवर ग्रामपंचायत किंवा शाळा येथे झाकणाचे टणक पिंप ठेवून त्यात दिवे मूळ खोक्यांसह उभे साठविता येतात. पिंपात जागा व्हावी म्हणून दिवे फोडू नयेत.

अधिकृत प्रक्रिया केंद्रात दिवे ऋण दाबाखालील बंद यंत्रात फोडतात. बाहेर पडणारी हवा गंधकयुक्त सक्रियित कार्बनातून गाळतात, काच, धातू व पूड वेगळी करतात आणि पूड तापवून पाऱ्याचे ऊर्ध्वपातन करतात. उरलेल्या पुडीत यिट्रियम, यूरोपियम व टर्बियम ही विरल मृत्तिका मूलद्रव्ये असतात.

पाऱ्याविषयीचा मिनामाता आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये स्वीकृत होऊन १६ ऑगस्ट २०१७ रोजी अंमलात आला व भारताने २०१८ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले. चोक अंतर्भूत असलेले ३० वॉटपर्यंतचे सीएफएल २०२५ पर्यंत बंद करण्याचे सदस्य राष्ट्रांनी २०२२ मध्ये ठरविले, तर २०२३ च्या जिनीव्हा येथील बैठकीत सरळ नळीच्या दिव्यांसाठी २०२६ व २०२७ या मुदती निश्चित झाल्या. या मुदती दिव्यांचे उत्पादन व आयात-निर्यात यांना लागू आहेत. आधीच बसविलेले व अडगळीत पडलेले दिवे त्यांच्या कक्षेत येत नाहीत. [⟶ पारा].