डोंगरावर जाताना कोणतं पुस्तक बरोबर घ्यावं?

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्या घराघरांत एकच विषय निघतो. पोरांना डोंगरावर जायचं असतं. मोबाईलवर त्यांनी कुठल्यातरी किल्ल्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाहिलेला असतो आणि तेवढ्यावर बेत ठरतो. मग अम्मी विचारते, बरोबर मोठं कोण आहे? पाणी कुठे मिळेल? मगरिबच्या आत खाली उतराल का? या प्रश्नांची उत्तरं व्हिडिओत नसतात. चांगल्या मार्गदर्शक पुस्तकात ती असतात, पण सगळ्याच पुस्तकांत असतात असंही नाही. म्हणून पुस्तक घेताना नेमकं काय बघायचं, ते आज सांगतो.

आधी आमचीच फजिती. काही वर्षांपूर्वी कट्ट्याहून आम्ही आठ-दहा जण, त्यात चार शाळकरी मुलं, रांगणा किल्ल्यावर गेलो. रांगणा कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यात येतो, पण आपल्या बाजूने कुडाळ तालुक्यातल्या नारूर गावातून चढता येतं. हातात एक जुनं पुस्तक होतं, कोणाच्या तरी मामूंच्या कपाटातलं. त्यात लिहिलं होतं, "गावातून रुळलेली वाट आहे, चुकण्याचा संभव नाही." वाट रुळलेली होती ती लाकूडफाटा आणायला आणि गुरं चारायला माणसं रोज वर जायची तेव्हा. आता घरोघरी गॅस आला, गुरं कमी झाली आणि करवंदीच्या जाळ्यांनी वाट गिळून टाकली. दोनदा चुकलो. उतरताना असर रानातच पढली आणि मगरिबची वेळ झाली तेव्हाही आम्ही झाडीतच होतो, दोन टॉर्चमध्ये दहा माणसं. गावातले एक आजोबा कंदील घेऊन वर आले म्हणून अलहम्दुलिल्लाह सगळे सुखरूप परतलो. पुस्तक खोटं नव्हतं, फक्त शिळं झालं होतं.

तेव्हापासून पुस्तक हातात घेतलं की आम्ही मुखपृष्ठाकडे नाही, आतल्या पानाकडे बघतो. जिथे प्रकाशकाचा पत्ता असतो, तिथेच आवृत्तीचं साल असतं. इथे एक फरक समजून घ्यायला हवा. "पुनर्मुद्रण" म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापलेला. "सुधारित आवृत्ती" म्हणजे लेखकाने मजकुरावर पुन्हा हात फिरवलेला. 2022 साल बघून पुस्तक नवं समजाल, पण ते 1995 च्या मजकुराचं पुनर्मुद्रण असेल तर त्यातल्या एसटीच्या वेळा आणि पायवाटा 1995 च्याच. सुधारित म्हटलेल्या आवृत्तीतही एक परीक्षा घ्या. ज्या जागेला तुम्ही स्वतः जाऊन आला आहात ते पान उघडा. तिथलं वर्णन जुळत नसेल तर बाकीच्या पानांवर विश्वास कशाला ठेवायचा?

साल का महत्त्वाचं, याचं आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण फार बोलकं आहे. जुन्या पुस्तकांत भटकंतीचा उत्तम काळ म्हणून नोव्हेंबर ते मे असं सरसकट लिहिलेलं असतं. पण 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण सापडले, पुढच्या वर्षी बांद्याच्या परिसरातही. हा आजार गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि त्याचा जोर साधारण जानेवारी ते मे या कोरड्या दिवसांतच असतो. म्हणजे पुस्तक ज्याला उत्तम काळ म्हणतं, त्यातले बरेच महिने गोचिडीचेही. 2016 च्या आधी लिहिलेल्या पुस्तकात याचा उल्लेख असणार तरी कसा? म्हणून जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या रानात जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पायजम्याचे पाय मोज्यात खोचा, पालापाचोळ्यावर बसू नका, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून अंग नीट तपासा. नंतर अचानक ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना "रानात गेलो होतो" हे सांगा. हे सांगायचं राहून जातं आणि उपचाराला उशीर होतो.

हंगामाबद्दल आपल्या लोकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हिजरी वर्ष साधारण 11 दिवसांनी लहान, त्यामुळे ईद दरवर्षी मागे सरकते. ईदची सुट्टी कधी कडक उन्हात, कधी भर पावसात. अब्बांच्या लहानपणी ईदनंतर कुठे गेले होते त्यावरून आजचा बेत ठरत नाही. पावसात व्हाळ ओलांडायचे आहेत का, किती, त्यावर साकव आहे का, हे पुस्तकात असायला हवं. नसेल तर ते पुस्तक कोकणासाठी अर्धंच. वर घाटमाथ्यावर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही व्हाळाला लोंढा येतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको, पण मुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या मुलांना सांगावं लागतं.

नकाशा नसलेलं पुस्तक आम्ही घेत नाही. हाताने काढलेला नकाशाही चालेल, पण त्यावर उत्तर दिशा, अंतर आणि पाण्याच्या जागा हव्यात. सोबत सर्वे ऑफ इंडियाचा नकाशा घ्यावा. त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की 1:50,000 प्रमाणाचे नकाशे फुकट उतरवता येतात. त्यात दोन सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. उंचीच्या तपकिरी रेषा 20 मीटरच्या अंतराने असतात. रेषा विरळ म्हणजे सपाटी किंवा सडा, दाट म्हणजे चढ. नकाशावर दोन मिलिमीटरमध्ये अशी पाच अंतरं बसली तर समजा शंभर मीटर जाताना शंभर मीटर चढायचं आहे. तिथे आजीला नेऊ नये.

वेळेचं गणितही तपासा. "दोन तासांची चढण" असं लिहिणारा लेखक बहुधा रोजचा डोंगरभटक्या असतो. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक सोपा हिशेब दिला होता, तो आजही वापरतात. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. सहा किलोमीटर चालून 600 मीटर चढायचं असेल तर सव्वादोन तासांच्या आसपास. हा धट्ट्याकट्ट्या माणसाचा हिशेब झाला. मुलं, डबे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आम्ही तो दीडपट धरतो, म्हणजे सव्वातीन ते साडेतीन तास. मग मगरिबच्या वेळेपासून उलटं मोजत या, आणि किती वाजता माघारी फिरायचं ते निघण्याआधीच ठरवा. माथा दिसत असला तरी फिरायचं.

आता आपल्या गरजांचं. मुक्कामासाठी पुस्तकं बहुतेक वेळा गडावरचं देऊळ सुचवतात. रांगण्यावर रांगणाई देवीचं मंदिर आहे. तिथे राहायचं तर आधी गावात विचारावं, तिथले नियम पाळावेत, मांसाहार शिजवू नये. जमत नसेल तर तंबू न्यावा. जेवण गावातल्या घरी सांगायचं झालं तर पिठलं-भाकरी, डाळ-भात सांगा, हलालचा प्रश्नच येत नाही. पाण्याबाबत "टाकं आहे" एवढं पुरत नाही, बारमाही की दिवाळीपर्यंतच, ते हवं. प्यायला आणि वजूला किती पाणी न्यायचं ते त्यावरच ठरतं.

किब्ल्यासाठी मोबाईलच्या भरवशावर राहू नका, रेंज आणि बॅटरी दोन्ही दगा देतात. आपल्या भागातून किब्ला नेमका पश्चिमेला नाही, पश्चिमेपासून साधारण 15 अंश उत्तरेकडे आहे. होकायंत्रावर 285 च्या जवळ. समुद्राकडे तोंड करून थोडं उजवीकडे वळा, झालं. कोकणातल्या आपल्या बहुतेक जमाती शाफई. कसर नमाजासाठी साधारण 80 किलोमीटरच्या पुढचा सफर लागतो, त्यामुळे कट्ट्याहून नारूरला गेलात तर नमाज पूर्णच. नाशिककडे किंवा हिमालयात जाणार असाल तर जमा-कसरचे मसले निघण्याआधी आपल्या मौलानांना विचारून घ्या.

इतिहासाच्या पानांवरूनही लेखकाची पारख होते. काही पुस्तकांत गड दोनच लढायांपुरता उरतो. रांगण्याचंच बघा, बहमनी वजीर महमूद गवान यांनी 1470 च्या आसपास कोकण मोहिमेत हा गड घेतला होता, आणि त्या मोहिमेची पत्रं त्यांच्या "रियाज-उल-इन्शा" या फारसी संग्रहात आहेत. पुढे तो शिवाजी महाराजांच्या स्वराज्यात आला. हे दोन्ही सांगणारं पुस्तक मुलांच्या हातात द्यावं. पन्हाळ्याच्या तीन दरवाजावर फारसी शिलालेख आहे. पुस्तकं बऱ्याचदा "फारसी लेख आहे" म्हणून पुढे जातात. मकतबात अरबी अक्षरं शिकलेलं पोर तिथे उभं राहून एकेक अक्षर ओळखतं तेव्हा बाकीची मित्रमंडळीही गोळा होतात, हे आम्ही बघितलंय.

नावं विचाराल तर सुरुवातीला यंग झिंगारो ट्रेकर्सचं "सांगाती सह्याद्रीचा" किंवा आनंद पाळंदे यांचं "डोंगरयात्रा" बघा. गडांची माहिती सविस्तर हवी असेल तर प्र. के. घाणेकरांची पुस्तकं आहेत. इंग्रजी वाचणाऱ्या मुलांसाठी हरीश कपाडिया यांचं "ट्रेक द सह्याद्रीज". गो. नी. दांडेकरांचं "दुर्गभ्रमणगाथा" जरूर वाचा, पण घरी बसून. ते वाट दाखवायला लिहिलेलं नाही. विकत घेण्याआधी वाचनालयातून आणून आपल्या जिल्ह्याची पानं चाळा. पुष्कळ पुस्तकांत पुणे-नाशिकला शंभर पानं आणि सिंधुदुर्गाला चार, असा हिशेब असतो.

पुस्तक आणलंत की पहिली सहल मसुऱ्याचा भरतगड आणि खाडीपलीकडचा भगवंतगड, किंवा गडनदीकाठचा रामगड. तिन्ही आपल्याच तालुक्यात, चढ थोडा, दादी-नानीही येतील. पुस्तकात लिहिलेला वेळ आणि तुम्हाला लागलेला वेळ समासात पेन्सिलीने लिहून ठेवा. कोणती विहीर आटली, कुठे नवा रस्ता झाला, तेही तारखेसह. आणि घरी राहणाऱ्या एका माणसाकडे गावाचं नाव, परतीची वेळ आणि 112 व 108 हे दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी देऊन निघा.