शर्यतीची मोटारसायकल

चाकणचा कांद्याचा बाजार तुम्हाला ठाऊक आहे. त्याच चाकणला आता मोटारसायकली तयार होतात. बजाजच्या कारखान्यात पल्सर होते. ऑस्ट्रिया देशातल्या केटीएम कंपनीच्या गाड्याही तेथेच होतात. त्यांतली 'आरसी ३९०' ही गाडी २०१४ साली आपल्याकडे विक्रीला आली. काही तरुण ती शर्यतीत पळवतात. शर्यतीचा रस्ता वेगळा असतो. तेथे समोरून एसटी येत नाही, की गुरे आडवी येत नाहीत. असा एक रस्ता चेन्नईजवळ आहे.

शर्यतीत वळणावर गाडी फार कलते. चाक घसरले की ती आडवी पडते आणि घासत जाते. तुमच्या गाडीला पुढे लोखंडी लेगगार्ड असेल. तो शर्यतीत चालत नाही. का बरे? गाडी कलली की तो जमिनीला टेकतो. गाडी पडली की तो जमिनीत रुततो आणि गाडी कोलांट्या खाते. घासत गेलेली गाडी परवडली, कोलांट्या खाणारी नको!

म्हणून लेगगार्ड काढतात. दोन्ही बाजूंना चिवट प्लॅस्टिकचा गोल ठोकळा बसवतात. त्याला स्लायडर म्हणतात. तो घासून झिजतो, पण गाडीचा सांगाडा वाचतो. इंजिनच्या झाकणांवरही जाड कवच लावतात. झाकण फुटले तर ऑइल रस्त्यावर सांडते. मग मागून येणारा घसरतो. त्याचा काय दोष?

स्लायडर बहुधा इंजिन धरणाऱ्या बोल्टाच्या जागी बसतो. दोन्हीकडचे बोल्ट एकदम काढू नयेत. इंजिन खाली सरकते, मग भोके जुळत नाहीत. एक बाजू पुरी करावी, मग दुसरीला हात घालावा. बोल्ट किती आवळायचा, तो आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. त्यासाठी टॉर्क पाना वापरतात. पुष्कळ जण "आणखी एक पीळ" म्हणून जोर लावतात आणि आटे घालवतात. ठोकळा फार लांबही नको. पडताना तो पहारीसारखा काम करतो आणि सांगाडाच वाकवतो.

या गाडीचा साइड स्टँडही काढलेला असतो. मग ती उभी कशी करायची? मागच्या चाकाच्या दोन्ही दांड्यांना एकेक गोल बोंडी पिळून बसवतात. चाके असलेला एक लोखंडी स्टँड मागून आणतात. त्याचे दोन आकडे बोंड्यांखाली घालतात.

हे काम दोघांनी करावे. गाडीचे वजन दीडशे किलोच्या वर असते. ती पायावर पडली तर हाड मोडते. जमीन सपाट हवी. एकाने हँडल सरळ धरून गाडी ताठ ठेवावी. दुसऱ्याने दोन्ही आकडे नीट बसले का, हे वाकून पाहावे. एकच बसला असेल तर गाडी उचलताना उलटते. मग स्टँडचा दांडा सावकाश खाली दाबावा. झटका देऊ नये. मागचे चाक अधांतरी होते.

आता चाक फिरवून चेन पुसता येते. पण चाक हातानेच फिरवावे. इंजिन सुरू करून फिरत्या चेनला फडके लावू नये. फडके चेनबरोबर ओढले जाते आणि बोटे दातेरी चाकात सापडतात. क्षणात तुटतात. तुमची गाडी डबल स्टँडवर असेल तेव्हाही हेच करा. आधी चावी काढून खिशात ठेवा, मग फडके हातात घ्या.

गाडी उतरवताना हँडल धरणारा जागेवर आला का, हे आधी बघावे. मगच दांडा हळूहळू वर सोडावा.