पडणाऱ्या बाहुलीचं गणित

इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या खडकांवरून कोसळते. पाण्याला खाली खेचतं ते गुरुत्वाकर्षण. ‘मेलन प्लेग्राउंड’ या नावाने आलेल्या मोबाइल खेळातली बाहुलीही त्याच नियमाच्या नकलेने पडते. इथे गोष्ट नाही, हारजीत नाही. बाहुली उंचावरून सोडा, तिच्यावर शस्त्र चालवा, स्फोटात उडवा. हिंसा उघडीच आहे. लहानग्यांना देण्याआधी मोठ्यांनी हा खेळ स्वतः खेळून पाहिलेला बरा.

तरी आतली करामत विलक्षण आहे.

बाहुलीचं पडणं आधी चितारून ठेवलेलं नसतं. डोकं, धड, हात, पाय हे वेगळे तुकडे सांध्यांनी जोडलेले; प्रत्येकाचा वेग आणि जागा फोन क्षणाक्षणाला नव्याने मोजतो. म्हणूनच गुडघे दुमडतात, मान लटकते, हात मागून ओढला जातो. २००० सालच्या ‘हिटमॅन: कोडनेम ४७’ या संगणकीय खेळातही मृत पात्रं अशीच कोसळत.