बाळाच्या पोटातली पहिली वस्ती

झरी हे परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. इथल्या आशा स्वयंसेविका, म्हणजे आशाताई, बाळंतिणीच्या घरी आल्या की आधी बांगड्या मागे सारून साबणाने हात धुतात. बाळाला घ्यायचं तर आजीनेही धुवायचे, हौसेने आलेल्या शेजारणीनेही. मग बाळ झोळीच्या काट्यात, काखेत तापमापक, आणि घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजणं. ६० किंवा त्याहून जास्त भरले तर थेट दवाखाना.

"दूध कुठं उतरलंय अजून? जरा मध चाटवू द्या की," आजी म्हणतात.

"चीक येतोय ना मामी? तेवढा पुरतो त्याला. मध नको, पाणी नको. नाळेलाही काही लावू नका, कोरडी राहू द्या."

या एवढ्याशा बोलण्यामागे केवढं जीवशास्त्र आहे! जन्मताना आईच्या अंगावरचे, आतड्यातले जीवाणू बाळाकडे येतात. पुढे कुशीतून, दुधातून येतच राहतात. आईच्या दुधात दुग्धशर्करा आणि स्निग्धांशाखालोखाल सर्वांत मोठा घन भाग काही गुंतागुंतीच्या शर्करांचा असतो, आणि त्या बाळाला पचतच नाहीत. त्या बिफिडोबॅक्टेरियासारख्या जीवाणूंचा आहार आहेत. ते त्या आंबवतात, आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लात रोगजंतूंना तग धरणं अवघड जातं. थकलेली, अर्धी झोपेतली आई बाळाबरोबर त्याच्या राखणदारांनाही पाजत असते, हे कळल्यापासून मला स्तनपानाकडे पूर्वीसारखं पाहताच येत नाही.

राखणदार लागतात, कारण दुसऱ्या जातीचे जंतूही टपलेले असतात. जंतुसंसर्ग रक्तात पसरला की नवजात बाळ काही तासांत मलूल होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना घरी जाऊन बाळं तपासायला, असा संसर्ग ओळखून उपचार करायला शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: ३९ गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटलं होतं. आशाताईंच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवसाच्या फेऱ्यांचं मूळ त्या कामात आहे.

पुढे ओडिशाच्या खेड्यांत ४,५५६ बाळांवर वेगळा प्रयोग झाला. निम्म्यांना आठवडाभर एक उपकारक लॅक्टोबॅसिलस आणि त्याला लागणारी शर्करा दिली. त्यांच्यात गंभीर संसर्ग किंवा मृत्यू ५.४ टक्के, उरलेल्यांत ९ टक्के. ही २०१७ची गोष्ट. म्हणून काही आजच घरोघर पुड्या वाटाव्यात असं मी म्हणणार नाही. पण चीक फेकू न देणं, बाळाला उराशी धरणं, साध्या सर्दीला प्रतिजैविक न देणं हे तर आपल्याच हातात आहे. प्रतिजैविक या वस्तीत आपला-परका पाहत नाही. संसर्ग खरा असेल तेव्हा मात्र तेच जीव वाचवतं, आणि तो ओळखायलाच तर आशाताई श्वास मोजतात.

सहाव्या महिन्यानंतर उष्टावण होतं. वरण, भात, पुढे ज्वारीची कुस्करलेली भाकरी पोटात जाऊ लागली की त्यातल्या तंतूंवर जगणारे नवे जीवाणू वाढतात, दुधावरचे मागे पडतात. साधारण तीन वर्षांत ही वस्ती मोठ्या माणसासारखी होते.